आखूड नळी आधी आणि मंजुरी नंतर, हा क्रम ठेवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि माझेच २०२१ साल आठवले. टेक्ससमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, बदकांच्या शिकारीसाठी २८ इंची नळीची रेमिंग्टन ८७० शॉटगन आहे आणि आता कोणीतरी त्याच बंदुकीला बसणारी १४ इंची नळी स्वस्तात देऊ करत आहे. "नळी घेऊन ठेवतो, आखूड शॉटगनच्या मंजुरीचा अर्ज सावकाश करीन, कारण नुसत्या नळीला कागद लागत नाहीत," असे तुम्ही लिहिले आहे. मी वकील नाही आणि हे लिखाण कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नये. तरीही या एका वाक्याने माझे किती नुकसान केले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

खरेदीच्या वेळची पार्श्वभूमी तपासणी वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडून देतो. अठरा इंचांची मर्यादाही माहीत असेल. फक्त रायफलीचा सोळा इंचांचा आकडा वाचून त्यावर विसंबू नका. शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली की ती अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याच्या कक्षेत येते, म्हणजे तिला आधी सरकारी मंजुरी आणि नोंदणी लागते. नळी मोजायची ती बंदूक बंद करून, तोंडातून सळई आत सोडून बोल्टच्या (नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या भागाच्या) पृष्ठभागापर्यंत. नळीच्या तोंडाला स्क्रूने लावलेला चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारा तुकडा) बाहेर डोकावत असला तरी तो कायमचा जोडलेला नसल्यामुळे लांबीत धरत नाहीत.

आता माझी चूक. माझ्याकडे तुमच्यासारखीच खांद्याला टेकवायच्या दस्त्याची ८७० होती आणि २०१८ मध्ये मी रेमिंग्टनची टॅक-१४ घेतली. तिची नळी १४ इंचांची, एकूण लांबी २६ इंचांहून थोडी जास्त, आणि खांद्याचा दस्ता मुळातच नाही. खांद्याला लावून झाडण्यासाठी ती बनवलेलीच नसल्याने कायद्याच्या व्याख्येत ती 'शॉटगन' ठरत नाही आणि साध्या तपासणीवर मिळते. मॉसबर्गची शॉकवेव्हही याच जातीची. दोन्ही बंदुका घरात असताना कसलीही अडचण नव्हती, कारण आखूड नळीला तिची स्वतःची कायदेशीर जागा होती.

पुढे टॅक-१४ विकायची ठरवली. दुकानदाराला ती लांब नळीसह हवी होती, म्हणून मी माझी जास्तीची १८ इंची नळी तिच्यावर चढवून दिली आणि १४ इंची घरी आणली. मॅगझिनच्या टोकाची टोपी फिरवायची, जुनी नळी ओढून काढायची, नवी बसवायची, टोपी परत आवळायची. मिनिटभराचे काम. "ही ठेवली तर चालेल ना?" असे मी विचारले, तेव्हा काउंटरवरचा मनुष्य हसून म्हणाला, "नळी म्हणजे लोखंडाचा तुकडा, तिला कुठला कागद?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते, अर्धेच खरे होते. नुसती नळी ही बंदूक नव्हे, पण माझ्या कपाटात तिच्या शेजारी आता एकच बंदूक उभी होती, तीही दस्त्याची, आणि त्या नळीचा माझ्या घरात एकच उपयोग उरला होता: नोंदणी नसलेली आखूड शॉटगन तयार करणे.

ही भीती काल्पनिक नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन/सेंटर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण तिच्या पिस्तुलासोबत येणारा दस्ता आणि २१ इंची नळी जोडून कायदेशीर रायफलही बनत होती. पण ज्या भागांचा निषिद्ध जोडणीखेरीज दुसरा काही उपयोगच नाही, असे भाग एकत्र बाळगणे म्हणजे ते शस्त्र 'बनवणे' ठरू शकते, ही भूमिकाही त्याच निकालात आहे. आखूड नळी बाळगायची असेल, तर तिची कायदेशीर जागा आधी तयार असली पाहिजे. अदलाबदलीच्या नळ्यांच्या बाबतीत मला एवढेच ठामपणे म्हणायचे आहे.

मला हे कळले केव्हा? नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलो तेव्हा. अटक झाली नसली तरी तुम्ही कधी गुन्हा केला आहे का, असा प्रश्न त्यात असतो. पेन हातात धरून मी त्या ओळीवर अडकलो आणि कपाटातली ती नळी डोळ्यांसमोर उभी राहिली. एका सरकारी कार्यालयाला फोन केला, तर पहिल्या दिवशी "काही हरकत नाही" आणि आठवड्याने दुसऱ्याच व्यक्तीकडून "तुम्ही आम्हाला हे का सांगत आहात?" असे उत्तर मिळाले. लेखी विचारले, तर तीन महिन्यांनी चार ओळींचे पत्र आले आणि त्यात मी ज्या कलमाबद्दल विचारले होते त्याच कलमाचा क्रमांक परत लिहून पाठवला होता. माझ्या करातून ज्यांचा पगार होतो, त्यांनी निदान प्रश्न तरी वाचावा, एवढीच अपेक्षा होती. शेवटी दोन वकील केले, एक बंदुकीच्या कायद्याचा आणि एक इमिग्रेशनचा. १,९०० डॉलर गेले, नळी कापून भंगारात दिल्याची नोंद करून ठेवली, आणि नागरिकत्वाचा अर्ज चौदा महिने लांबला. या कायद्याखालच्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहेच, पण आपल्यासारख्यांनी हेही लक्षात ठेवावे की बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते.

तेव्हा तुमच्यासाठी मार्ग एकच: फॉर्म १, म्हणजे आखूड शॉटगन बनवण्याच्या मंजुरीचा अर्ज, भरा, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्या, स्थानिक पोलीस प्रमुखांना प्रत पाठवा, आणि मंजुरी हातात पडेपर्यंत नळी घरात आणू नका. १९३४ पासून चालत आलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून आखूड शॉटगनसाठी शून्य झाला आहे, पण कर गेला म्हणजे नोंदणी गेली, असा जो समज पसरला आहे तो चुकीचा आहे. मंजुरीनंतर त्याच बंदुकीवर २८ इंची नळी चढवून खुशाल बदकांना जा. नोंदणी रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मुख्य सांगाड्याच्या) क्रमांकाची असते, नळी बदलल्याने ती नाहीशी होत नाही. मात्र आखूड जोडणीसह राज्याची सीमा ओलांडायची असेल तर ५३२०.२० हा फॉर्म आधी मंजूर करून घ्यावा लागतो. लांब नळी चढवलेली आहे पण आखूड नळी त्याच गाडीत आहे, अशी पळवाट मी तरी वापरणार नाही. शिवाय नोकरी बदलून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात जायचा विचार असेल तर हा खटाटोप करूच नका, तिथे सामान्य माणसाला आखूड शॉटगन ठेवता येत नाही. वॉशिंग्टन राज्याचा कायदा तर असा की नोंदवलेली आखूड रायफल चालते, आखूड शॉटगन नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलेले नाही तरी सांगतो. आमच्याकडे भाचा एफ-१ व्हिसावर शिकायला येऊन राहिला, तेव्हा मी तिजोरीचा क्रमांक बदलला. अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगणे निषिद्ध आहे, आणि तिजोरी उघडता येणे हाच ताबा मानला जाण्याची शक्यता असते. भाचा थोडा रुसला, पण त्याच्या व्हिसापुढे ते रुसणे परवडले. तुमच्या घरी एच-१बी वर कोणी राहत असेल तर हे आजच पाहा.

नळी विकणाऱ्या गृहस्थांना सांगा की मंजुरी येईपर्यंत त्यांनी ती स्वतःजवळच ठेवावी, हवे तर थोडा विसार द्या. ते थांबायला तयार नसतील तर सौदा सोडा, ८७० च्या १४ इंची नळ्या पुन्हा मिळतात.