‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हटल्यावर पुढे काय विचारायचं?

प्रश्न : वय ३४. दीड वर्षात १४ किलो वजन वाढलं, तेही पोट, चेहरा आणि मानेमागे. हातपाय मात्र बारीकच आहेत. बीपीची गोळी सुरू झाली. पाळी दोन-दोन महिने येत नाही. जरा कुठे लागलं की काळंनिळं पडतं. थायरॉईड नॉर्मल आलं. दोन डॉक्टरांनी ‘खाणं कमी करा, टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. आता कुणाला आणि काय विचारू?
– एक वाचक, कराड

उत्तर : थायरॉईडच्या रिपोर्टवरून फक्त थायरॉईडबद्दल कळतं. तुमच्या तक्रारी एकत्र वाचल्या, तर शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त आहे का, म्हणजे कुशिंग सिंड्रोम आहे का, हे तपासायलाच हवं. हा आजार विरळा आहे. वजन, बीपी, अनियमित पाळी या तक्रारी मात्र घरोघरी असतात, म्हणून प्रत्येकीवर वेगळी गोळी मिळते आणि सगळ्यांचा मिळून विचार राहून जातो. साध्या लठ्ठपणात सहसा न दिसणारी लक्षणं अशी : सहज काळंनिळं पडणं, पोटावर बोटभर रुंद जांभळट चट्टे, आणि उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं. यातलं जे असेल ते डॉक्टरांना आधी सांगा. वजनापासून सुरुवात केली की बोलणं आहारावर जातं आणि तिथेच संपतं.

जाताना एका पानावर तारखा लिहा : पाळी कधी बिघडली, बीपी कधी निघालं, कोणत्या महिन्यात वजन किती होतं. दोन वर्षांपूर्वीचा चेहऱ्याचा फोटो सोबत ठेवा. गर्दीच्या ओपीडीत तो दहा वाक्यांचं काम करतो. आणि घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. गजकर्णाचं मलम, गोरेपणाची क्रीम, दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, सांधेदुखीवरची बिनलेबलची पुडी, यांत स्टेरॉइड असू शकतं आणि त्यानेही हुबेहूब हीच लक्षणं येतात. तसं निघालं तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीरात कॉर्टिसॉल बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी काम थांबवते. अचानक बंद केल्यास बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं.

मग सरळ विचारा : ‘डॉक्टर, हे कुशिंग असू शकतं का? नसेल वाटत, तर कशावरून?’ यात उद्धटपणा काही नाही. नाही म्हणाले, तर तेच कारण केसपेपरवर लिहून द्यायची विनंती करा. लिहायला घेतल्यावर पुष्कळदा पुन्हा विचार होतो, आणि पुढच्या डॉक्टरांनाही तो कागद उपयोगी पडतो.

पाळी चुकलेली आहे, तेव्हा आधी गरोदरपणाची चाचणी करा. त्यानंतर सहसा डेक्सामेथासोनची चाचणी होते. या स्टेरॉइडने निरोगी शरीरातलं कॉर्टिसॉल खाली येतं. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (अर्ध्या मिलिग्रॅमच्या असतील तर दोन गोळ्या) आणि सकाळी ८ वाजता रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आलं, तर कुशिंगची शक्यता फार कमी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वाढतो. त्या साधारण ६ आठवडे आधी बंद कराव्या लागतात. टीबीवरचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरात लवकर नष्ट होतं आणि तेव्हाही आकडा फसवतो. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांचंही सांगा. दुसरी चाचणी २४ तासांच्या लघवीची. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची प्रत्येक आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीही डब्यात धरायची. एकदा जरी विसरलात तरी नव्याने सुरुवात करा. रात्रपाळी असेल तर आधीच सांगा, कारण कॉर्टिसॉल झोपेच्या वेळेनुसार चढतं-उतरतं. म्हणूनच लॅबमध्ये दिवसा कधीही काढलेल्या कॉर्टिसॉलवर ‘नॉर्मल’ म्हणता येत नाही.

दोन वेगवेगळ्या चाचण्या बिघडलेल्या आल्याशिवाय मेंदूच्या एमआरआयची घाई नको. निरोगी माणसांतही साधारण दहापैकी एकाच्या पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेल्या, कॉर्टिसॉलवर ताबा ठेवणाऱ्या ग्रंथीत) बारीक गाठ दिसते. ती दिसली की सगळा तपास भलत्याच वाटेला लागतो.

पुढचा तज्ज्ञ निवडताना डिग्रीत ‘डीएम, एंडोक्रायनॉलॉजी’ आहे ना, ते पाहा. नुसत्या ‘हार्मोन तज्ज्ञ’ या पाटीवर जाऊ नका. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्न : प्रोलॅक्टिन ४८ आलं. डोक्याचा एमआरआय सांगितला आहे. फार भीती वाटते. अॅसिडिटीची कॅप्सूल रोज घेते. त्याचा काही संबंध?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : मोठाच संबंध असू शकतो. प्रोलॅक्टिन हे अंगावरचं दूध तयार करणारं, पिट्युटरीतून येणारं हार्मोन. स्ट्रिपवर डॉमपेरिडॉन किंवा लेवोसल्पिराइड लिहिलंय का, पाहा. दोन्हींनी प्रोलॅक्टिन वाढतं. असेल तर डॉक्टरांना विचारून कॅप्सूल ३ दिवस थांबवा आणि पुन्हा तपासा. (मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वाढतं, ती मात्र मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय थांबवायची नाहीत.) रक्त उठल्याउठल्या देऊ नका, लॅबमध्ये थोडा वेळ शांत बसून मग द्या. सोबत टीएसएच (थायरॉईडची) आणि गरोदरपणाची चाचणी करा, कारण थायरॉईड कमी पडत असेल किंवा गरोदरपण असेल तरी हा आकडा वाढतो. तरीही जास्तच आला आणि तुम्हाला त्रास काहीच नसेल, तर ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन (आकडा वाढवणारं, पण सहसा निरुपद्रवी प्रोलॅक्टिन) तपासता येईल का?’ असं विचारा. एमआरआयचा निर्णय या नव्या आकड्यांवरून होऊ द्या. डोकं सतत दुखत असेल किंवा बाजूचं दिसणं कमी झालं असेल, तर मात्र थांबू नका, तो लगेच करून घ्या.