दाट रानात हरणासाठी आखूड, हलकी रायफल

आपल्या सांगलीकडच्या कुंडलचा आहेस आणि सध्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, हे वाचून लगेच लिहायला बसलो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या मित्राबरोबर यंदा पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचंय, रान दाट आहे, तुझी उंची पाच फूट तीन इंच, तर आखूड आणि हलकी रायफल कोणती घ्यावी? मी सांगलीला परत येण्याआधी त्याच राज्यात बरीच वर्षं काढली आणि त्यातले चौदा हंगाम रानात गेले, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी कागदपत्रं. तू एच-वन-बी व्हिसावर आहेस असं लिहिलंयस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. ज्याच्याकडे मुदतीतला शिकारीचा परवाना आहे त्याला त्यातून सवलत मिळते. त्यामुळे मित्राची रायफल सरावाला हातात घ्यायची तरी परवाना आधी हवा. पहिला परवाना काढायचा तर तिथला शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स लागतो. कोर्स, मग परवाना, मग दुकान. हा क्रम चुकवू नकोस रे, इथं व्हिसाचा प्रश्न आहे.

आता रायफल. माझ्या पहिल्या हंगामात एका ओळखीच्यांनी मला त्यांची मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल, दिली होती. नळी सव्वीस इंची, वर मोठी दुर्बीण. तिथं डोंगरउतारावर माउंटन लॉरेलची झुडपं असतात. आपल्याकडच्या करवंदीच्या जाळीत शिरल्यासारखं वाटतं, फक्त काटे नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तीसेक पावलांवर नर उभा राहिला. मी रायफल उचलली तर नळीचं टोक फांदीत अडकलं. ते सोडवून डोळा दुर्बिणीला लावला तर आत नुसते तपकिरी केस. दुर्बीण नऊपटीवर राहिली होती. खांदा कुठला, पोट कुठलं, काही कळेना. चाप ओढला नाही, आणि आजही वाटतं तेच बरोबर होतं. दोन श्वासांत जनावर निघून गेलं.

दाट रानातली संधी अशीच असते. अंतर तीस ते साठ पावलं, वेळ दोन-तीन सेकंद. तिथं तीनशे यार्डांची ताकद कामाची नाही. खांद्याला लावताच नजर नेमाशी जुळली पाहिजे. म्हणून नळी अठरा ते वीस इंच आणि वजन दुर्बिणीसकट तीन-सव्वातीन किलो, एवढं पुरे. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीला तिथं वेगळा कायदा लागतो, त्या वाटेला जाऊ नकोस. आणि अडीच किलोच्या खालच्या रायफलींचा मोहही नको. खांद्यावर वागवायला त्या छान वाटतात, पण धावून दम लागलेल्या माणसाच्या हातात हलकी नळी थरथरते आणि दणकाही जास्त बसतो. दणक्याची धास्ती एकदा मनात बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो.

जुन्या लोकांची पसंती म्हणजे थर्टी-थर्टी या काडतुसाची लिव्हर रायफल, चापाजवळची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची. विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६, नळी वीस इंची, अंगानं चपटी, एका हातात मधोमध धरून दिवसभर चालता येतं. माझ्याकडे शेवटपर्यंत मार्लिनच होती. जुनी विंचेस्टर रिकामं काडतूस वरच्या बाजूनं फेकते, त्यामुळे दुर्बीण नीट बसत नाही. मार्लिन बाजूनं फेकते. या दोन्हींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्या गोळीचं टोक टेकतं, म्हणून टोकदार कडक गोळी त्यात कधीही भरायची नाही. चपट्या टोकाची किंवा खास मऊ टोकाची गोळीच घ्यायची.

इतकं कौतुक करूनही तुला मी लिव्हर घे म्हणणार नाही. कारण रिकामी करण्याची पद्धत. संध्याकाळी बोटं गारठलेली असताना एकेक काडतूस लिव्हर ओढून नळीत आणायचं आणि बाहेर काढायचं, वर घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची कळ, अंगठ्यानं हळूच उतरवायचा. नवख्याचा अंगठा तिथंच निसटतो. तू आखूड बोल्ट रायफल घे, म्हणजे हातानं बोल्ट मागेपुढे करून काडतूस भरायची, आणि काडतुसांची पेटी बाहेर निघणारी. पेटी काढली, बोल्ट मागे ओढला, आत बोट घालून पाहिलं, संपलं.

काडतूस सेव्हन एमएम-ओ-एट. १९८० पासून बाजारात आहे, थ्री-ओ-एट या प्रचलित काडतुसाचंच कवच गळ्याशी अरुंद केलेलं, दणका त्याच्यापेक्षा सौम्य आणि हरणाला भरपूर. टू-फोर्टी-थ्री हे काडतूस दणक्याला आणखी मऊ आहे, पण त्याची गोळी हलकी, त्यामुळे मारा अगदी अचूक जागीच बसवावा लागतो. जाडजूड संथ गोळी काटक्यांतून सरळ जाते असं कुणी सांगेल. विश्वास ठेवू नकोस, काटकीला लागली की प्रत्येक गोळी वळते. मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं.

दुर्बीण एक ते चारपट किंवा दोन ते सातपट, आणि रानात शिरताना कायम सर्वात खालच्या आकड्यावर. दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी मात्र स्वतः तपासायची. तिथले दस्ते सहा फुटी माणसाच्या मापाचे असतात, त्यात तुझा जाड कोट. कॉम्पॅक्ट किंवा यूथ नावाचं मॉडेल माग, लाजायचं काही कारण नाही. दुकानात कोट घालूनच जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग डोळे उघड. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण दिसलं तर माप बरोबर. मान ताणावी लागली किंवा कडेला काळी सावली दिसली तर ती ठेवून दुसरी उचल.

भगवे कपडे विसरू नकोस. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता नारिंगी रंग तिथं सक्तीचा आहे.

याच धाग्यात एकानं विचारलंय की सागरेश्वर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर येऊन पीक खाणाऱ्या हरणांना अशी रायफल चालेल का. नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं चितळ, सांबर, भेकर, काळवीट सगळ्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा आणि भरपाईसाठी वनखात्याकडे जायचं.

कोर्स झाला की दुकानात पसंत पडलेल्या दोन-तीन रायफलींची नावं इथं टाक. डावखुरा असशील तर तेही लिही, मग बोल्टचा हिशेब बदलतो.