पहिलं कासव आणतोयस? आधी एवढं बघ

भावा, आधी सांग, कुठलं कासव? पाठीवर चांदण्यांची नक्षी असेल तर घेऊच नकोस. स्टार कासव पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. कानामागं तांबडा पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे परदेशी पाणकासव. आज नाण्याएवढं दिसतंय, पण मादी वीतभराहून मोठी होते आणि २०-३० वर्षं जगू शकते. घरच्यांना हे आत्ताच सांग.

- प्लास्टिकचं टोपलं नको, मोठी टाकी घे. पोहण्यापुरतं खोल पाणी आणि वर चढून पूर्ण वाळता येईल असा दगड.
- ऊन थेट पाहिजे. काचेतून आलेलं उपयोगाचं नाही, कवच मऊ पडतं. माझ्या पहिल्या पिल्लाचं तसंच झालं. बोटानं हलकं दाबलं तरी कवच आत जायचं. अजून आठवलं की वाईट वाटतं. आपल्याकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) घेच.
- भात-चपाती नको. कासवाच्या गोळ्या आणि हिरवा पाला.

हाताळलंस की साबणानं हात धू, साल्मोनेला जंतूची भीती असते. आणि मोठं झालं म्हणून रंकाळा तलावात सोडायचं नाही, तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

फिल्टरचं नंतर बघू. आधी टाकी लाव, मगच पिल्लू आण.