घाटात वारा लागत नाही

अरे, पहिलीच सायकल रेस आणि तीही मे महिन्यात, पसरणी घाटात! हरकत नाही, पण एक समजून घे. सपाटीवर 30 च्या वेगात वारा घाम वाळवतो. चढावर वेग 10-12 वर येतो, वारा जवळपास लागतच नाही आणि उष्णता अंगातच कोंडते. म्हणून तेवढाच जोर लावूनही नाडी जास्त पळते. वाईतून निघताना पुढच्या टोळक्याला चिकटू नकोस. पाचगणीपर्यंत साधारण 12 किलोमीटर चढ आहे. सुरुवातीला सुसाट गेलेले काहीजण वर रस्त्याकडेला बसलेले दिसतील. (एकदा मीही बसलो होतो, तोंडावर टोपी घेऊन.)

दोन बाटल्या घे. एकीत लिंबू-मीठ-साखर, दुसरीत साधं पाणी, मानेवर ओतायलाही. तासाला अर्धा-पाऊण लिटर, घोट घोट. नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. आधीचे 10-14 दिवस उन्हात तासभर हलकं चालव, शरीर सरावतं. आणि भर उन्हात अंगावर काटा आला किंवा डोकं गरगरलं तर रेस गेली खड्ड्यात, लगेच उतर आणि सावली गाठ.