नळाला झिणझिण्या येतात, सल्ला कोणाचा मानावा?

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचे जांभ्या दगडाचे जुने घर आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून न्हाणीघरातल्या नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. गावातले वायरमन म्हणतात, बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थिंग (जमिनीशी जोडलेली तार) जोडून टाकू. दुकानदार सांगतात, मोठा एमसीबी (तारेतून जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवा. पुण्याचा पुतण्या तर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून वायरिंग स्वतःच बदलायला निघाला आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तपासणी होईपर्यंत गिझर आणि विहिरीवरचा पंप बोर्डावरूनच बंद ठेवा आणि तरीही झिणझिण्या थांबल्या नाहीत, तर मेन स्विच बंद करा. हे आजच करा.

तिन्ही सल्ल्यांपैकी एकही मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिघांपैकी कोणीही आपल्या घरात काही मोजलेले नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग घरात जोडले, तर पावसात बाहेरची न्यूट्रल तार तुटताच गिझरपासून फ्रिजपर्यंत प्रत्येक धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येऊ शकतात. ही युक्ती सुचवणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नये. एमसीबी हा तारेला जपतो, माणसाला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ३० मिलीअँपिअरची गळती जाणवतही नाही, आणि एवढाच प्रवाह अंगातून गेला तर जीव धोक्यात येतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. मात्र तो बसवला म्हणजे मूळ बिघाड शोधायची गरज उरली नाही, असे समजू नये.

पुतण्याला प्रेमाने, पण ठामपणे थांबवा. अमेरिकेतल्या घरात काळी तार फेजची (वीज आणणारी) आणि पांढरी न्यूट्रलची असते. आपल्याकडे लाल, पिवळी किंवा निळी फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. तिकडचे शिक्षण कितीही चांगले असले, तरी ते ऐकून इथल्या काळ्या-लाल तारांना हात घालणे जिवावर बेतेल. शिवाय जुन्या घरात मागच्या कोणी रंग पाळले असतील, याचीही खात्री नसते.

मीटरच्या पुढचे वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते, म्हणून राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार शोधा, आणि तो येईल तेव्हा परवाना पाहायला मागा; यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, कारण चाचणी अहवालावर सही त्याचीच असते. परवान्याबद्दल शंका आली, तर विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारावे. पण कागदाहून मोठी खूण म्हणजे त्याची कामाची पद्धत. जाणकार माणूस नुसता टेस्टर लावून निदान सांगत नाही. तो मेन बंद करतो, एकेक लाइन सोडवतो, मेगर या यंत्राने तारांचे इन्सुलेशन (आवरण) तपासतो आणि अर्थिंगचा रोध मोजून आकडा आपल्याला दाखवतो. ओल्या जांभ्यात तारांच्या पाइपमध्ये पाणी शिरून त्यांचे आवरण कुजणे आणि खाऱ्या हवेने जोड गंजणे हे आपल्या किनाऱ्यावर नेहमीचेच, तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीतला जंक्शन बॉक्स तो उघडून पाहतो की नाही, याकडेही लक्ष ठेवा.

तारा घेताना आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. अर्थिंगचा आकडा तारखेसह बोर्डाच्या झाकणाच्या आत लिहून घ्या आणि मे महिन्यात, जांभा पूर्ण सुकल्यावर, पुन्हा मोजून घ्या. पावसात चांगला आलेला आकडा उन्हाळ्यात तसाच राहत नाही.