नवीन काळ्या गाडीला टेफ्लॉन, सिरॅमिक की पीपीएफ? काचांना फिल्म लावावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी काळी आहे, पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी आहे, चेंबूरच्या सोसायटीत उघड्यावर लावायची आहे आणि शोरूमवाले टेफ्लॉन कोटिंग नि काचांची फिल्म घ्याच म्हणून मागे लागलेत. मी भांडुपला डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या बारकाईने साफ करून चमकवण्याचं काम करतो, त्याआधी चार वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात होतो. माझं म्हणाल तर दोन्ही घेऊ नका. आधी रोज सकाळी गाडीवर फिरणाऱ्या फडक्याचं बघा.

गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. तुम्हाला जी चमक आवडली ती या कोटची. तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ. आपल्याकडे रात्रीतून गाडीवर जी धूळ बसते ती मऊ नसते. शेजारच्या पुनर्विकासाचं सिमेंट, रस्त्याची बारीक रेती आणि रेल्वे लाइन जवळ असेल तर चाकं-ब्रेक झिजून उडालेला लोखंडाचा कीस. पहाटे पाचला एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात. पुसणाऱ्या दादांचा यात दोष नाही, महिन्याला गाडीमागे काहीशे रुपयांत आणि सोसायटीने दिलेल्या दोन बादल्या पाण्यात ते आणखी काय करणार? पण तुमच्या गाडीवर रोज पॉलिश पेपर फिरतो, हे खरं. दोन-तीन महिन्यांत पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसायला लागतात. पांढऱ्या गाडीवरही त्या पडतातच, फक्त नजरेत भरत नाहीत.

मग लोक येतात, 'रबिंग मारून द्या', म्हणजे मशीनने घासून पॉलिश करा, म्हणतात. रबिंगने रेघ भरत नाही. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा कोट घासून खाली आणला जातो, म्हणून ती दिसेनाशी होते. कोट एकदाच मिळतो आणि प्रत्येक रबिंगला कमी होतो. गॅरेजात असताना मी एका काळ्या सेडानच्या बॉनेटच्या कडेवर मशीन जरा जास्त वेळ धरलं. कडेला कोट मुळातच पातळ असतो, तो उडाला आणि खालचा निस्तेज रंग उघडा पडला. अख्खं बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. गाडीवाले काका ओरडले नाहीत, नुसते त्या जागेवरून बोट फिरवत उभे राहिले. तेव्हापासून जाडी मोजायचं मीटर लावल्याशिवाय मी मशीन हातात घेत नाही. तुम्हीही डिटेलरला पहिल्यांदा तेच विचारा. मीटर नसेल तर पुढे बोलू नका.

आता कोटिंगचं. टेफ्लॉन हा पदार्थ 327 अंशांना वितळतो. शोरूमच्या आवारात हाताने चोळून तो रंगाला घट्ट धरेल, हे शक्य नाही. मिळते ती काही महिने टिकणारी चांगली पॉलिश. सिरॅमिक खरंच उपयोगी आहे: सिलिकाचा एक-दोन मायक्रॉनचा थर, पाणी झटकतो, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण पाकिटावरचं '9एच' म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची कसोटी. त्यावरून दगड किंवा दुचाकीचं हँडल अडेल असं समजू नका. ते अडवतं पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची जवळपास 150 ते 200 मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म. हलक्या रेघा उन्हाच्या उष्णतेने तिच्यात आपोआप मिटतात. पूर्ण गाडीचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो, म्हणून मी बहुतेकांना बंपर, बॉनेट, आरसे आणि दरवाज्यांच्या हँडलमागच्या वाट्या एवढंच करायला सांगतो. उरलेल्या भागावर सिरॅमिक. आणि हे काम बंद खोलीत करून घ्या. जुलैच्या दमट हवेत सोसायटीच्या आवारात लावलेलं कोटिंग धड पुसलं जात नाही, मागे ढगाळ डाग राहतात.

उघड्यावर लावता म्हणून कव्हर घ्यायचा मोह होईल. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडून तेच काम करतं जे फडकं करतं. त्यापेक्षा झाडाखालची जागा टाळा. विलायती शिरिषावर पिठ्या ढेकूण ही कीड पडली की खाली चिकट थेंब गळतात. कबुतरांची विष्ठा त्याहून वाईट, तापलेल्या बॉनेटवर ती एका दुपारीत कोटात खड्डा पाडते. गाडीत पाण्याची बाटली आणि मायक्रोफायबरचं (बारीक, मऊ धाग्यांचं) स्वच्छ कापड ठेवा. ओलं कापड पाच मिनिटं विष्ठेवर ठेवायचं आणि नुसतं उचलायचं, घासायचं नाही.

काचांचा मोठा शत्रू टँकरचं पाणी. महापालिकेचं पाणी भातसा-वैतरणेच्या तलावांचं, त्यात क्षार कमी. टँकर किंवा बोअरचं पाणी उन्हात वाळलं की काचेवर पांढरे ठिपके बसतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं लावा आणि धुऊन टाका. जुने झाले तर सेरियम ऑक्साइडच्या पावडरने काच पॉलिश करून घ्यावी लागते. मे महिन्याच्या शेवटी वायपरचे रबर बदला आणि कोरड्या धुळीच्या काचेवर वायपर कधी चालवू नका.

काचांच्या फिल्मबद्दल: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही फिल्मला मनाई केली. नंतर नियम बदलला आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतली फिल्म चालते असं म्हटलं. पण नाक्यावर हवालदारासमोर ते निकाल वाचत बसणं मला पटत नाही. मी स्वतःच्या गाडीला फिल्म लावलेली नाही, तुम्हालाही लावू नका असंच सांगेन.

पुसणाऱ्या दादांना एक वेगळी बादली आणि चार मायक्रोफायबर घेऊन द्या. रंगावर कोरडं फडकं फिरवायचं नाही, रोज फक्त काचा आणि आतून पुसायचं, आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवायचं, असं ठरवा. शंभर-दोनशे जास्त द्या, ते मनापासून करतात.

आणि उद्याच शोरूमला लेखी कळवा: डिलिव्हरीआधी गाडी धुवायची नाही, पॉलिश मारायची नाही, बॉनेटवरचं संरक्षक प्लास्टिक काढायचं नाही. काळ्या गाडीवर पहिल्या रेघा बहुतेक वेळा तिथेच पडतात, हार घालण्याच्या आधी.