गोदाकाठच्या गावाला कासवं वाचवायला सरकारी पैसा मिळतो का? कुठून आणि कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पैठणच्या खाली गोदावरीकाठी गाव आहे, डोहात मऊ पाठीची कासवं आहेत, मासे मारायला पाण्यात उडवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांनी (स्फोटकं) आणि वाळूउपशाने ती कमी होत चालली आहेत. गावातल्या तरुण मंडळाला 'कासव संवर्धन केंद्रा'साठी दहा लाखांचं अनुदान हवं आहे.

मंडळाच्या खात्यावर एकरकमी दहा लाख येतील ही आशा आधी सोडा. पैसा आहे, पण तो तीन-चार खात्यांत विखुरलेला आहे आणि गावापर्यंत यायला त्याला मध्ये एक सरकारी यंत्रणा लागते. म्हणून मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करण्याऐवजी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नावाने सुरुवात करा. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत हवीच. तुमच्याकडेही कागदावर ती बहुधा असेलच, कारण लोक जैवविविधता नोंदवह्या (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची अधिकृत नोंद) जानेवारी २०२० अखेर पूर्ण करा असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि तेव्हा गावोगावी घाईघाईने समित्या आणि नोंदवह्या उरकल्या गेल्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) समितीच्या ठरावाची आणि नोंदवहीची प्रत मागून घ्या. मासे आणि जलचरांची पानं कोरी किंवा शेजारच्या गावावरून उतरवलेली निघाली तर नवल मानू नका. ती भरून ग्रामसभेत मंजूर करून घ्या आणि एक प्रत नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला पाठवा. समितीचं स्वतंत्र बँक खातं नसेल तर तेही याच वेळी उघडा. कलम ४३ मधला 'स्थानिक जैवविविधता निधी' खातंच नसेल तर जमा कुठे होणार?

नोंदवहीत नुसतं 'कासव' लिहू नका. गोदावरीच्या खोऱ्यात मऊ पाठीची प्रामुख्याने दोन कासवं आहेत. एक लहान, पोटाच्या कवचाला मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा असलेलं. दुसरं लीथचं कासव, बरंच मोठं, झडपा नसलेलं. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा गोल ठिपके असतात. हे दुसरं आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत २०२१ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे, आणि प्रस्तावाचं वजन त्याच्यावरच ठरतं. जाळ्यात अडकलेलं कासव भोई मंडळी सोडून देतात, त्या वेळी पाठीचा आणि पोटाचा असे दोन फोटो, तारीख आणि अक्षांश-रेखांश एवढं मिळालं तरी पुरे. फोटोसाठी मुद्दाम पकडायला जाऊ नका.

आता ते 'केंद्र'. अंडी गोळा करून टाकीत उबवायची कल्पना प्रस्तावातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं 'शिकार' या व्याख्येतच येतं. मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी नसेल तर अनुदान राहील बाजूला, गुन्हा दाखल होईल. शिवाय घातल्यावर काही तासांनी अंडं फिरलं तर आतला जीव मरतो. हौशी उबवणीत नेमकं हेच होतं.

पैशाचा सगळ्यात जवळचा दरवाजा जिल्हा वार्षिक योजना. तिच्यात वनखात्याची कामं असतातच, शिवाय 'नावीन्यपूर्ण योजना' नावाचं शीर्ष असतं आणि अशी कामं त्यात बसवता येतात. अट एकच: अंमलबजावणी यंत्रणा सरकारी हवी. जायकवाडी पक्षी अभयारण्य जलाशयापुरतं आहे. तुम्ही धरणाच्या खाली, म्हणजे तुमच्या जिल्ह्याचे प्रादेशिक उपवनसंरक्षक तुमचे. प्रस्ताव त्यांच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पोचायला हवा, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात जुळतो आणि जानेवारीच्या सुमाराला जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. फेब्रुवारीत फाईल घेऊन गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकायला मिळेल.

केंद्र सरकारची 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' योजना (केंद्र ६०, राज्य ४० टक्के) अभयारण्याबाहेरच्या प्राण्यांसाठीही आहे, पण ती वनखात्याच्या वार्षिक कार्यआराखड्यातून जाते. तुमचं काम इतकंच की उपवनसंरक्षकांनी तुमचा डोह त्या आराखड्यात घ्यावा. जलीय परिसंस्था संवर्धनाची राष्ट्रीय योजना तलाव आणि पाणथळींसाठी आहे, नदीतल्या डोहासाठी तिच्यामागे धावू नका. मत्स्यसंपदा योजनेत नदीत मत्स्यबीज सोडायला पैसे मिळतात, मात्र बीज स्थानिक जातीचंच हवं असं लेखी घ्या. तिलापिया किंवा बंदी असलेला थाई मांगूर डोहात उतरला तर तुम्ही ज्यांना वाचवायला निघालात त्यांचंच खाणं आणि पिल्लं जातात. जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते असं कुणी सांगेल. ती योजना सागरी मच्छीमारांसाठी आहे, गोदावरीला लागू नाही. भोयांच्या जाळ्यांच्या दुरुस्तीचा खर्च म्हणूनच नावीन्यपूर्णमध्ये वेगळा मागा.

पहिल्या प्रस्तावात मागायचं थोडं आणि मोजता येईल असं. एप्रिल-मेमध्ये धार तुटते, डोह तेवढे उरतात आणि जिलेटिन, विष सगळं तेव्हाच चालतं. म्हणून फेब्रुवारी ते जून भोई समाजातलेच दोन राखणदार, दोन बॅटऱ्या, डोहाच्या दोन्ही टोकांना लोखंडी पत्र्याचे फलक (फ्लेक्स पहिल्या वावटळीत फाटतो), जाळेदुरुस्ती आणि वर्षातून दोनदा गणती. मजुरी जिल्ह्याच्या चालू दराने, बाकी वस्तूंची तीन-तीन दरपत्रकं. इमारत, टाक्या, सौरपंप घातलेत की तांत्रिक मान्यता आणि पाटबंधारे महामंडळाचं ना-हरकत यात वर्ष जातं. नदीपात्रात कुठलंही बांधकाम धरूच नका.

वाळूचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण केनी (ट्रॅक्टरने वाळू ओढायचं अवजार) आणि तराफे चालूच राहिले तर राखणदार ठेवून उपयोग नाही, कारण कासव अंडी वाळूतच घालतं. कुठला वाळूपट्टा उपसायचा हे ज्यावरून ठरतं त्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवतात. त्या मुदतीत समितीचा ठराव, फोटो आणि नकाशा जोडून तो वाळूपट्टा वगळायची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. याला पैसा लागत नाही आणि माझ्या मते अनुदानापेक्षा याचाच उपयोग जास्त. पट्टा कायमचा राखायचा असेल तर नदीपात्र सरकारी असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ चं 'संवर्धन राखीव' मागावं लागेल, 'सामुदायिक राखीव' नव्हे. त्याच्या समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी कायद्यानेच असतो.

मंडळाला पुढे स्वतःच्या नावावर अनुदान घ्यायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त बदलले असतील तर मंजूर झालेला बदल अर्ज, पॅन, दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद) आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब तयार ठेवा. बरेच प्रस्ताव बदल अर्ज प्रलंबित असल्याने अडकतात. केंद्र सरकारचा पैसा मिळाला तर वेगळं खातं ठेवा, त्यावरचं व्याज तुमचं नसतं, ते परत भरावं लागतं. उपयोगिता प्रमाणपत्र १२-अ नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं. ते गेलं नाही तर दुसरा हप्ता थांबतो आणि राखणदारांची मजुरी नेमकी एप्रिलात थकते.